रुमालाखालचा प्रबंध

चिंचवड,
श्रावण वद्य पंचमी, सन १९५६

तीर्थस्वरूप दौलतराव यांना, त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचा, सांधे जेवढं वाकू देतात तेवढं वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. साताऱ्याचा पाऊस उघडला का, वहिनींचा खोकला थांबला का आणि आपल्या म्हशीने दुधाबाबतचा हट्ट सोडला का, ते कळवावं. तुम्ही पाठवलेलं तेल पोचलं. तुमची बहीण रोज सकाळी माझा दुखरा हात चोळते आणि चोळताना माझ्या स्वभावाबद्दल बोलते. गुण येतोय, पण तो तेलाचा की बोलण्याचा, हे शास्त्रशुद्ध ठरवायचं तर एका हाताला नुसतं तेल आणि दुसऱ्याला नुसतं बोलणं लावून बघावं लागेल. पत्राला विशेष कारण नाही. चाकणला जाऊन आलो, तिथे जे झालं ते तुमच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून येण्याआधी माझ्याकडून यावं, इतकंच.

फरीदा ही माझी विद्यार्थिनी, चाकणच्या बरकतभाईंची मुलगी. बरकतभाई कांद्याचे अडते, त्यामुळे पोर वखारीतच वाढली आणि बुरशीशी तिची ओळख माझ्याहून जुनी. एम. एस्सी.ला पहिली आली, मग डॉक्टरेटसाठी विषय घेतला: साठवणीतला कांदा का सडतो. मी म्हटलं, सोपं आहे, बुरशीने सडतो, सूक्ष्मदर्शक घे आणि बस. ती वर्षभर बसली. उठली तेव्हा म्हणाली, सर, बुरशी तर सगळ्याच वखारींत आहे. पण कुणी आषाढात वखार मोकळी करतो आणि कुणी भाव चढेल म्हणून दसऱ्याची वाट बघतो, आणि वाट बघणाऱ्याचा कांदा जास्त सडतो, तेव्हा मला थोडं अर्थशास्त्रही शिकायला हवं. पोटच्या पोरीने सांगावं की जेवायला मला शेजारच्या काकूंकडेच आवडतं, तसं मला झालं. कारण आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र म्हणजे नानासाहेब.

नानासाहेबांबद्दल मला वाईट बोलायचं नाही (बोललो तर पत्र जाड होईल आणि पोस्टाचं तिकीट वाढेल). एकदा प्राध्यापकांच्या खोलीत चहा पिताना ते म्हणाले होते की वनस्पतिशास्त्र म्हणजे पानं सुकवून वहीत चिकटवणं, हे काम त्यांची नातही करते. मी फक्त एवढंच म्हटलं (आणि तेही शांतपणे, कप माझ्या हातून फुटला तो वेगळ्या कारणाने) की अर्थशास्त्र म्हणजे कालचा भाव आपल्याला परवाच कसा कळला होता, हे उद्या सांगणं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. लोक म्हणतात मी रुसलो. मी रुसलो नव्हतो, मी फक्त त्यांच्याशी बोलत नव्हतो.

आता फरीदा दोघांकडे शिकू लागली म्हटल्यावर बोलणं तिच्यामार्फत सुरू झालं. तिघं एकाच टेबलाशी बसलेले असलो तरी मी म्हणणार, तुझ्या त्या सरांना सांग, आणि ते म्हणणार, तुझ्या ह्या सरांना विचार. बिचारीची मान इकडून तिकडे वळून दुखायला लागली असेल. प्रबंधाची सात प्रकरणं ठरली होती. त्यांतली पाच बुरशीची असावीत हे माझं रास्त मत. पाच भावाची असावीत हे त्यांचं आडमुठं मत. सातात दहा बसत नाहीत हे सांगायला कुठलंच शास्त्र लागत नाही. नियमाने मार्गदर्शक मी एकटा, पण विषय त्यांच्या अंगणात शिरल्यामुळे आराखड्यावर त्यांचीही सही हवी, आणि भाद्रपद लागायच्या आत आराखडा गेला नाही तर मुलीचं नाव पटावरून जाणार. शिवाय जुन्नरचं एक स्थळ दारात उभं. तिचे मामा म्हणू लागले की कांद्याबद्दल पोरीने शिकायचं तेवढं शिकून झालं. बरकतभाईंनी मात्र साऱ्या नातेवाइकांत शब्द दिला होता की आधी प्रबंध, मग निकाह. म्हणजे आम्हा दोघांच्या हट्टापायी एका मुलीचं शिक्षण आणि एका बापाचा शब्द, दोन्ही टांगणीला लागले होते. हे मला दिसत होतं. (नानासाहेबांना दिसत नव्हतं, असं मी तेव्हा समजत होतो.)

शेवटी फरीदाने आम्हाला वखार बघायला चाकणला बोलावलं. मला सांगितलं, नानासाहेबांना सवड नाही. त्यांना सांगितलं, रंगराव सरांना सवड नाही. (संशोधकाने खोटं बोलू नये, पण प्रयोगाला लागणारी परिस्थिती निर्माण करावी, हे तिला मीच शिकवलेलं.) नाशिक फाट्याला मी एस. टी. पकडली. गाडीत एकच जागा रिकामी, आणि तिच्या शेजारी दोन गुडघ्यांत छत्री उभी धरून नानासाहेब. बसलो. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मी ड्रायव्हरच्या मानेकडे बघितलं. मोशीला इंजिन तापलं म्हणून गाडी थांबली. मी पाय मोकळे करायला उतरलो, तर रस्त्याकडेच्या एका झुडपाच्या पानावर तांबेऱ्याची अशी सुरेख बुरशी, की वाकून बघता बघता माझं भान हरपलं आणि गाडी सुटली. धोतर सावरत धावणारा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक मोशीकरांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. पुढे जाऊन गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, ते छत्रीवाले साहेब ओरडले, गाडीत एक माणूस कमी हाय. मी जागेवर बसलो तेव्हा नानासाहेब पुन्हा खिडकीबाहेर बघत होते. अर्थशास्त्रवाल्यांना माणसं मोजायची खोडच असते, असं म्हणून मी तो विषय मनातल्या मनात मिटवला.

वखारीत मी भिंग काढलं आणि त्यांनी भावांचं टिपण. एका कोपऱ्यातला ढीग मला बुरशीसाठी हवा होता आणि नेमका तोच त्यांना उशिरा विकायच्या मालाचा नमुना म्हणून हवा होता. दोघं दोन बाजूंनी वाकलो, दोघांनी एकदमच खालचा कांदा ओढला, आणि सगळा ढीग आमच्यासकट ढासळला. भानावर आलो तेव्हा कमरेपर्यंत कांद्यांत समोरासमोर बसलेलो होतो. अंगाखाली चिरडलेल्या कांद्यांनी दोघांच्याही डोळ्यांतून धारा लागलेल्या, टोप्या गायब. आवाज ऐकून फरीदाची आई रोशनबी धावत आली. दोन वयस्क प्राध्यापक एकमेकांकडे बघत रडताहेत हे पाहून तिलाही भरून आलं. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, अल्लाची मेहेरबानी, मनं मोकळी झाली म्हणायची! तिचा गैरसमज दूर करायला मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात नानासाहेबांनी माझी टोपी शोधून माझ्याच डोक्यावर ठेवली. ती त्यांची निघाली.

जेवण रोशनबींच्या हातचं. (हे तुमच्या बहिणीला सांगायला हरकत नाही. पोळ्या तिच्याहून मऊ होत्या, हे मात्र सांगू नका.) जेवणं झाली तरी गाडं पाच आणि पाचवरच अडलेलं. मी फरीदाला म्हणालो, तुझ्या त्या सरांना सांग, कांदा सडवते ती बुरशी. ते म्हणाले, तुझ्या ह्या सरांना सांग, बुरशीला आमंत्रण देतो तो भाव. तेव्हा ही मुलगी, जिने आजवर माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता, तिने हातातलं तबक खाली ठेवलं. म्हणाली, सर, सडलेला कांदा तुमचा नाही आणि त्यांचाही नाही, तो आमच्या वखारीतला आहे. एवढं बोलून ती दाराकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. दौलतराव, मला लाज वाटली. स्पष्टच लिहितो, फार लाज वाटली.

मग बरकतभाईंनी खांद्यावरचा चौकटीचा रुमाल काढला. चाकणच्या बैलबाजारात सौदा कसा होतो हे तुम्ही पाहिलं असेल. दलाल हातावर रुमाल टाकतो, गिऱ्हाईक त्याखाली हात घालून दलालाची बोटं धरतं. जितकी बोटं धरली तितका आकडा. बघणाऱ्याला काही कळत नाही. बरकतभाई म्हणाले, “साहेब, बाजारात दोन माणसं एकमेकांचं तोंड बघत न्हाईत, तरी बैल इकला जातोच की. तोंड चारचौघांत असतं, ते फुगून बोलतं. बोट रुमालाखाली असतं, त्याला फुगायचं कारण न्हाई. ज्याला जेवढी परकरणं खरंच लागत्यात तेवढी बोटं धरा. उजवा हात द्या, डाव्यानं सौदा होत न्हाई.”

हसू नका, पण मी उजवा हात घातला. पाच मागायची तर सगळा पंजा धरायचा, हे मला नीट समजलेलं होतं आणि तसं ठरवूनच मी हात घातला होता. पण तुम्हाला माझा संधिवात ठाऊक आहे. ऐन वेळी बोटं आखडली, पंजा पुरता उघडला नाही आणि बरकतभाईंची तीनच बोटं माझ्या हाती आली. आजारापुढे कुणाचं काय चालतं? माझ्यानंतर नानासाहेबांनी हात घातला. ते बराच वेळ आढ्याकडे बघत होते.

बरकतभाईंनी रुमाल झटकला आणि सांगितलं, ह्या साहेबांची तीन, त्या साहेबांची दोन. जो माणूस सहा महिने पाचासाठी भांडला त्याने दोन मागावीत? नानासाहेब घसा खाकरून फरीदाच्या पाठीला म्हणाले, तुझ्या सरांना सांग, सातातली दोन उरतात. मी म्हटलं, त्यांना सांग, बेरीज मलाही येते. तेव्हा बरकतभाई हसले आणि म्हणाले, त्यात काय, उरला माल मालकाचा. फरीदा वळली. तिला विचार करावाच लागला नाही. म्हणाली, पहिली तीन तुमची, शेवटची दोन त्यांची, मधली दोन माझी. आणि कोपऱ्यातल्या एका खोक्यातून कागद काढून पुढे ठेवले. दोन्ही प्रकरणं लिहून तयार होती. वखार उघडायची की थांबायचं, हे माणूस नेमकं कशावरून ठरवतो, वासावरून, भावावरून की शेजाऱ्यावरून, आणि तेवढ्यात आत बुरशी कुठवर पोचलेली असते, असा सगळा विषय. तिथे माझं शास्त्र संपलेलं आणि त्यांचं सुरू झालेलं नव्हतं. आम्ही तिथे कधी गेलोच नव्हतो. दोघांनी ती पानं माझ्या एकाच चष्म्यातून वाचली, कारण नानासाहेबांचा चष्मा अजून ढिगाखाली होता. मग दोघांनी सह्या केल्या.

परतताना गाडीत निरोप सांगायला फरीदा नव्हती. नानासाहेब कंडक्टरला म्हणाले, ह्यांना विचारा, पहिलं प्रकरण कधी तपासून देणार. मी म्हटलं, त्यांना सांगा, त्यांचा चष्मा सापडेल तेव्हा. कंडक्टर वैतागून म्हणाला, “राव, मी तिकिटं फाडू का तुमचे निरोप सांगू?” भोसरी येईपर्यंत दोघांनी आपापली तिकिटं वाचली. पुढे बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, बरंचसं कांद्याबद्दलच होतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि म्हशीला माझ्यातर्फे थोडी सरकी.

आपला,
रंगराव

ता. क. तुम्ही विद्यापीठाच्या सभेवर आहात, हे आत्ताच आठवलं. नियमात प्रबंधाला मार्गदर्शक एकच. तो दोन करता येईल का, ते येत्या सभेत बघावं. मुलं आता अशाच जागी जाऊ लागणार, जिथे आपल्यापैकी कुणा एकाचा हात पुरत नाही.

आणखी ता. क. सभेने नाहीच ऐकलं आणि एकच नाव ठेवायचं झालं, तर नानासाहेबांचं ठेवा. हे त्यांना कळू देऊ नका. त्यांचंही पत्र तुम्हाला येणार आहे असं ऐकतो. त्यात त्यांनी माझं नाव सुचवलं असेल तर मुळीच ऐकू नका, माणूस फार हट्टी आहे.

शेवटचा ता. क. तेल संपत आलं, एक बाटली पाठवावी. संधिवात माझ्या डाव्या हाताला आहे, हे तुम्ही आणि तुमची बहीण सोडून कुणालाही ठाऊक नाही. तसंच राहू द्यावं.