शेवटच्या हाताचा कागद

दिवा, ता. ३ फेब्रुवारी २०२४

दोन चिठ्ठ्या धाडल्या, एकीचंही उत्तर नाही. कान गेले ते मशीनच्या आवाजापायी, डोळे कशापायी गेले? फोन केला तर नुसता हॅलो हॅलो करून ठेवून देतोस, म्हणून मी चौथी पास बाई पेन घेऊन बसते. आणि तू तिकडे कल्याणात चिठ्ठी वाचून उशीखाली घालतोस.

चि. शिवराम यास अक्काचा आशीर्वाद. आम्ही तिघं जिवंत आहोत, तुम्हीही असाल.

प्रीतमने ठेकेदाराकडची सुतारकी सोडली. आता गाळा त्याचा, मशीन त्याचं. स्वतःच्या नावाचं पहिलं काम मिळालंय, कोपरीच्या नीलाबाईंचं जेवणाचं टेबल. आठ माणसांचं, सागाचं. बाई शाळेत मोठ्या बाई होत्या, एक शब्द जास्त बोलत नाहीत. टेबल पसंत पडलं तर त्यांच्या बहिणीच्या अख्ख्या घराचं काम याला देणार आहेत. नाही पडलं तर ठेकेदाराच्या दारात परत जाणार नाही म्हणतो, कोलशेतच्या गोदामात खोकी उचलीन म्हणतो. नातू तुझ्या दाजींवर गेलाय, तोंडातून निघालं की गाठ बसली. आईबाप गेल्यापासून वाढवला मी, गुण मात्र आजोबाचे.

आता कामाचं. मशीनला लावायचा पॉलिश पेपर टिकत नाही. गोल चकती येते, भोकं पाडलेली, मशीनला दाबली की चिकटते. एक फळी घासली की झाली गुळगुळीत. दुकानदार लाल, तपकिरी, निळी, पांढुरकी अशा चार दाखवतो आणि जी महाग ती टिकाऊ म्हणतो. तू चाळीस वर्षं पॉलिश केलंस, कुठली घ्यायची ते लिही. पोरगा फेकतो त्या चकत्या मी उचलते, दात घासायच्या ब्रशने झाडून ठेवते. बोटाला अजून चावतात. चावतो तो कागद जिवंत, हे मला तुझ्या दाजींनी शिकवलंय. त्यांच्या हाताखाली किती दारं घासली ते तू पाहिलंयस.

नातसून रचना पार्लरच्या कामाला कल्याणला येते, तिच्या हाती ही चिठ्ठी. उत्तर तिच्याच हाती दे. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नको, उत्तर धाड.

कलावती

*

कल्याण, ता. १९ फेब्रुवारी २०२४

ती. अक्का हिस शिवरामचा शि. सा. न., वि. वि.

उशीर झाला, कबूल. माझ्या वेळचा कागद आता कुठे मिळत नाही. तीन दुकानं हिंडलो, चकत्या हातात घेऊन बघितल्या, मग लिहायला बसलो. ऐकू येत नसल्यामुळे दुकानदारांची बडबड वाचली, बहिरेपणाचा तेवढाच फायदा.

रंगाला भुलू नका, पाठ बघा. चकती जरा दुमडून सोडायची. पाठ तडकली, दाणे गळले तर ती दुकानातच परत ठेवून द्यायची. पट्ट्याचं मशीन असेल तर कापडी पाठ, चकतीला जाड कागदाची चालते. दाणा दाट नको, विरळ घ्या. दाट दाण्यात भुसा बसतो आणि दाणे झिजायच्या आधीच चकती गुदमरते. सागात तेल असतं, त्यामुळे तर जास्तच. म्हणून वर पांढरी भुकटी बसवलेली येते ती घ्या, तिला भुसा धरत नाही. ऐंशी नंबरने सुरुवात, मग एकशेवीस, मग एकशेऐंशी. मधला नंबर गाळायचा नाही. मशीन दाबायचं नाही, त्याच्या वजनाने चालू द्यायचं. धूळ ओढायची नळी लावली तर चकतीही टिकते आणि पोराची छातीही.

एक मात्र नीट वाच. हाताने घासताना अर्धा झिजलेला कागद आपण शेवटच्या हाताला राखून ठेवायचो. दाजी ठेवायचे, मीही ठेवायचो. मशीनला ते चालत नाही. मेलेली चकती लाकूड कापत नाही, तापवते आणि चकाकवते. वरून हात फिरवला तर लोण्यासारखं लागतं, आणि रंग मारला की लाकूड रंग पीतच नाही. बोटाला चावते यावर जाऊ नको. झाडलेल्या चकत्या कचऱ्यात टाक.

मोठ्या बहिणीला शिकवलं म्हणून राग धर, पण माया आटवू नको.

तुझा, शिवराम

*

दिवा, ता. २७ फेब्रुवारी २०२४

चि. शिवराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा टेबल कोपरीला जाऊन परत आलेलं.

घासून झालं तेव्हा आरशासारखं होतं. रंगाचा पहिला हात मारला आणि जागोजागी पांढुरकं राहिलं, कोड फुटल्यासारखं. मधूनमधून जिलबीसारखे गोल चरे. पोराला वाटलं दुसऱ्या हातात झाकेल. झाकलं नाही. तारीख दिलेली, म्हणून तसंच टेम्पोत घालून नेलं.

नीलाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरगा शिव्या खाऊन घरी येऊन जेवला असता. बाईंनी खिडकी उघडली, उजेडात एकदा टेबल बघितलं आणि त्याला चहा दिला. चहा पुढे आला तेव्हाच तो समजला. घेऊन जा म्हणाल्या, तेही अहोजाहो करून.

तेव्हापासून मशीन पोत्यात गुंडाळून ठेवलंय. भिंतीकडे तोंड करून पडतो. आधी म्हणाला साग कच्चा होता. मग म्हणाला मी दाबलं असेल. आता नुसता बोटांनी भिंत चाचपतो. गोदामात जाऊन नाव घालून आलाय. रचनाने समजावलं की अजून घासून नीट करता येईल, तर म्हणाला, चुकलं कुठे तेच कळत नाही, नीट काय करू.

कागद चांगला होता. तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही. आता दाखवून काय उजेड पडणार. तू पंधरा दिवस दुकानं बघत हिंडलास, ते पुण्य तुझं तुला लखलाभ.

कलावती

*

कल्याण, ता. २ मार्च २०२४

ती. अक्का हिस शि. सा. न., वि. वि.

जिलबीसारखे चरे नव्या चकतीने पडत नाहीत. भुशाची गाठ धरलेल्या जुन्या चकतीने पडतात. झाडून ठेवलेल्या चकत्या तू कुठे ठेवत होतीस? शेवटच्या हाताला त्याने कुठल्या डब्यातून चकती घेतली?

मला सांगू नको, त्याला सांग. पोरगा आतल्या आत स्वतःला पोखरतोय आणि तू माझं पत्र लपवून बसलीस. माझ्याकडूनही उशीर झाला, तो मी माझ्या माथी घेतो. तुझ्या वाटणीचं तू घे.

तुझ्याहून धाकटा आहे हे विसरून लिहिलंय. जमलं तर पोटात घाल.

शिवराम

*

दिवा, ता. ६ मार्च २०२४

मला जाब विचारणारा तू कोण? पाळण्यात होतास तेव्हा तुझी दुपटी मी धुतली. पण विचारलंस ते बरोबर विचारलंस, म्हणून लिहिते.

चि. शिवराम यास आशीर्वाद.

हो, मीच घातल्या. एकशेऐंशीच्या नव्या डब्यात वर चार जुन्या, खाली नव्या. तुझ्या दाजींचा शेवटचा हात अर्ध्या कागदानेच व्हायचा, तेच माझ्या डोक्यात. आणि पोराला वाटावं की कागद टिकतोय. वाटलंही. दोन दिवस खुशीत होता. म्हणाला, ही चकती भारी निघाली आजी, संपतच नाही. मी पदर तोंडाला लावून हसले.

काल टँकरचं पाणी भरून झालं आणि त्याला समोर बसवून सांगितलं. तुझं पत्रही हातात दिलं. वाटलं डबा फेकून मारेल. मारू दे म्हटलं, मग उठेल, मशीन लावेल. चूक आजीची निघाली म्हणजे त्याची उरली नाही, एवढं साधं माझं गणित. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाला, “मेलेली चकती हातात धरून मला कळलं नाही, आजी. मग मी कसला सुतार?”

दुपारी शेजारच्या गाळेवाल्याला मशीन देऊन टाकलं. त्याच्या माथ्यावरचा दगड उतरवायला गेले नि छातीवर ठेवून आले. आधी निदान कळत नव्हतं, आता कळलंय, आणि कळल्यावर माणूस कुठे जाईल? रचना त्या टेबलावर भाजी निवडायला बसली तर तिच्यावर खेकसला. सोमवारपासून कोलशेत. डबाही करू नको म्हणालाय.

माझं आता तो ऐकत नाही. ऐकण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं पण नाही. दाजी असते तर त्यांनी त्याच्या हातात रंधा दिला असता आणि गप्प बसले असते. ते नाहीत, तू आहेस.

चाळीस वर्षांत तुझा हात कधी फसला का, ते तू कधी बोलला नाहीस. फसला असेल तर कुठल्या घरात, कुठल्या लाकडावर, कोणी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तू कामावर कसा गेलास, सगळं लिही. लाज वाटेल ते आधी लिही. कधीच फसला नसशील तर एक अक्षर लिहू नको, खोटी समजूत त्याला नको. माया वगैरे ठेव तुझ्याजवळ, मला त्यातलं काही नको.

शनिवारी रचना येईल तेव्हा पत्र तयार पाहिजे. माझ्या नावाने आलं तर न उघडता फाडीन. याचं उत्तर तू प्रीतमला द्यायचंस, मला नाही.

कलावती