हळदीला पाच जणी

सोनगीर,
७ एप्रिल १९९१

प्रिय गिरधर,

आपल्या कुंदाचं लग्न ठरल्याप्रमाणे वैशाखातच. बस्त्याला तू आला नाहीस, शेवंता एकटीच आली. तुझ्या बायकोने साड्या छान निवडल्या, दुकानदाराला घामही फोडला.

परवा हळदीचं ठरवायला बसले. मान पाच सवाष्णींचा. आमच्या आळीत दोघी मिळाल्या आणि पुढे अडलंच. यशोदाबाई, पुष्पाबाई, मी, आम्हा तिघींची कपाळं मोकळी. आमचे नवरे प्रत्येक लग्नात सिगारेटचं ताट घेऊन फिरायचे. पाहुण्यांना एक द्यायची, आपण एक ओढायची. तिघांतल्या एकानेही पन्नाशी पाहिली नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी तुझ्या दाजींचा एक्स-रे उजेडात धरला, तेव्हा तू शेजारीच होतास. शेहेचाळिसाव्या वर्षी छाती सत्तरीची झाली होती. आणि सासरे, आबा, ऐंशीच्या घरात असून अजून विहिरीपर्यंत चालत जातात.

म्हणून मी कळवून टाकलं, ताट निघणार नाही, बडीशेप-सुपारी मिळेल. व्याही रुपचंदभाऊ शिंदखेड्याहून तडक आलेच. “ताट नई, त वरात परत लई जाऊ का?” म्हणून हसले. आबा ओट्यावरूनच आपल्या मुलाबद्दल बोलले, “मना पोऱ्या बी ताट धरे. आते तो फोटोमा शे.” रुपचंदभाऊंनी काढलेलं सिगारेटचं पाकीट खिशात घातलं आणि चहा मागितला. हळदीचंही आबांनीच मिटवलं. पहिली हळद मी लावायची, मग यशोदाबाई, पुष्पाबाई आणि त्या दोघी. कुरकुरणारे कुरकुरतील.

गिरधर, मेहरूणच्या घराचा जिना चढताना तू मध्येच बसतोस आणि वर पोचल्यावर आधी सिगारेट शिलगावतोस, असं शेवंता म्हणाली. कोणाला सांगू नका म्हणाली, म्हणून फक्त तुला सांगते. चाळिशीत सोडली तर हातची जाणारी बरीच वर्षं वाचतात, हे त्याच डॉक्टरांचं म्हणणं. तू आता चाळिशीत आहेस. मंगलाष्टकांना मुलीच्या मागे मामा उभा राहतो. कुंदाच्या मागे तू असशीलच. धाकटी अजून चौथीत आहे. तिच्याही मागे मला तूच हवास, म्हणून हे पत्र. आठ दिवस आधी ये, पाकीट टाकून. चिडचिड होईल, ती माझ्यावर काढ. मी पुरून उरेन.

तुझीच,
सुनंदा अक्का