फळ्यावर काय लिहायचं

९ जानेवारी
विकासची रजा रद्द. जावई पंधरा दिवसांसाठी आलेला, तिसऱ्याच दिवशी युनिटचा फोन. परवा सीमेवर आपले जवान मारले गेले, त्यामुळं. आमच्या लेकीनं, सीमानं, त्याची बॅग भरली. स्टेशनवर सोडायला गेलतो. "मामा, काय व्हत न्हाय, लगेच येतो बघा." लेकीलाही हेच सांगितलं असणार.

१० जाने.
रिटायर झाल्यापासून चौकातला तालमीचा फळा माझ्याकडं. रोज सकाळी एक ओळ. खड्डे, नगरसेवक, कुणाला सोडत नाही. आज फक्त जवानांना श्रद्धांजली. तालमीचे अध्यक्ष आप्पा म्हणाले, "मास्तर, एवढ्यावर भागत न्हाय. उद्या दणका पायजे."
बघू म्हणालो.

११ जाने.
दिवसभर रद्दीतले पेपर. वर्गात आयुष्यभर शिकवलं की मंत्रिमंडळ विचार करतं आणि मग युद्धाचा निर्णय होतो. तारखा लावल्या तर भलतंच. डिसेंबरात पोटनिवडणुकीची सभा. मंत्री टाळ्यांसाठी बोलून गेले, एक गोळी आली तर तोफेनं उत्तर देऊ. जवान गेले ते त्यानंतर. लगेच मित्रपक्ष विचारतोय, तोफ कधी? विरोधकही तेच. आता बैठकीत ठरवायचं राहिलंय काय, कप्पाळ! ह्यांना सभेतला शब्द गिळता येईना, आणि पुढं उभा माझा जावई. संताप संताप होतोय. बी.पी.ची गोळी राहिली.

१२ जाने.
खरं तर हे कळायला पेपर कशाला पाहिजेत? मीच केलंय एकदा. गणपतीच्या मिरवणुकीत पुढं कोण, यावरून पलीकडच्या तालमीशी तंटा. आप्पा मिटवायला निघालेले. मी शहाण्यानं आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "एक पाऊलही मागं घेणार नाही." सगळ्या चौकानं वाचल्यावर आप्पा मिटवणार कसे? दगड आले. सुतारांच्या मधुकरचा डोळा गेला. अजून रस्त्यात भेटला की मलाच नमस्कार करतो. सीमाला हे कधी सांगितलं नाही.

१३ जाने.
लिहिलं: "युद्ध ठरलं कुठं? बैठकीत, का सभेत?"
नऊच्या आत पुसलेलं. आप्पा घरी. "जावई तिकडं हाय आणि तुम्ही असलं लिवताय?"
"तिकडं हाय म्हणूनच लिवतोय की!"
दोघांचेही आवाज चढले. सीमा चहा घेऊन बाहेर आली. "तुमचं खरं असंल आबा. पण ह्यांना तिकडं कळलं, की चौकात आपल्या घराला लोक नावं ठेवाय लागल्यात, तर? तिथं डोकं शांत पायजे त्यांचं."
खडूचा डबा आप्पांकडं दिला.

१४ जाने., संक्रांत
आप्पांनी स्वतः लिहिलं. "आता माघार नाही. तोफा लावा!" अक्षर गिचमिड, पण लोक थांबून फोटो काढत होते. तिळगूळ वाटला. गोड बोला म्हणालो सगळ्यांना.

१६ जाने.
विकासचा फोन, आठवड्यानं. पहिल्यांदा मलाच मागितलं.
"मामा, फळ्याचा फोटो आला ग्रुपवर. सगळ्यांना दाखवला, आमच्या मामांनी लिवलंय म्हणून. पोरं लई खूश!"
ते अक्षर माझं नाही, हे सांगितलं नाही. तेवढंही धाडस झालं नाही.
मग आवाज बारीक करून, "मामा, तुम्ही पेपर वाचताय. खरंच ठरलंय का काय? आमाला कोण कायच सांगत न्हाय."
माझ्या मते डिसेंबरातच ठरलंय. त्या सभेत.
"अजून न्हाय ठरलं," म्हणालो. "जेवलास का?"
"व्हय, जेवलो."
सीमा फोनसाठी हात पुढं करून उभी होती.