बेटावरच्या पानसापाचा रंग

१४ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. तुझ्या लेकीला पापा. मोठी झाली असेल, लाजत असेल, तरी द्यायचाच.

इकडे सगळं ठीक. जिना अजून करकरतो. बाबांचा खोकला गेला आणि आवाज परत आला, म्हणजे शेजाऱ्यांना पुन्हा आपल्या घरातलं सगळं ऐकू जायला लागलं. एरवी मी तुला वाढदिवसाला दोन ओळी टाकते आणि तूही मोजून दोनच परत टाकतोस. आज पत्र लांबणार आहे. चहा करून घे आणि मगच बस.

कामाचंच विचारायचंय. रंगाचं. तू रंगारी, तेव्हा तुला नाही तर कुणाला विचारू?

आमच्या संग्रहालयात सापांचं दालन नव्याने मांडतायत. नव्या संचालकबाईंच्या मनात आलं, की एकच जात घ्यायची आणि ती निरनिराळ्या मुलखांत कशी दिसते ते शेजारी शेजारी मांडायचं. जात कोणती निवडावी? पानसाप! डोंगरातला, मैदानातला आणि बेटावरचा. बेटावरचा म्हणजे बाबांनी शोधलेला ‘निळा पानसाप’. त्याच्याखाली त्यांच्या नावाची पितळी पाटी आहे अजून. हे काम माझ्याच गळ्यात पडलं. मी नाही म्हणाले नाही. मलाही बघायचंच होतं.

तुला गंमत सांगते, एकाच जातीचे म्हणून आपण ज्यांना एका रांगेत बसवतो, ते एकमेकांना ओळखतील की नाही शंका आहे. डोंगरातला आखूड आणि जाडजूड, मानच नसलेल्या पहिलवानासारखा. मैदानातला सडपातळ, पाठीवर पुसट ठिपके. का? थंडीमुळे? खाण्यामुळे? गवतात लपायचं म्हणून ठिपके? एक प्रश्न सुटला की दोन उभे राहतात, आणि मी दिवसभर स्पिरिटच्या वासात खुशीत असते. बरणीतून साप काढायचा, धुवायचा, ट्रेमध्ये सरळ करायचा. तो ऐकत नाही; इतकी वर्षं वेटोळं घालून बसलेला असतो. मग पाठीवरून दोरा लावून लांबी घ्यायची आणि पोटावरचे आडवे खवले टाचणीच्या टोकाने मोजायचे. मधेच कुणी ‘चहा घेणार का?’ विचारलं की पुन्हा पहिल्यापासून. किड्यांच्या दालनातला आमचा किडेवाला मुद्दाम विचारतो, मेला.

तर गेल्या महिन्यात मी बाबांनी जमवलेले डोंगरातले पानसाप काढले आणि ट्रेमध्ये बेटावरच्यांशेजारी ठेवले. दादा, सगळे निळे. डोंगरातलेही निळे! मी खिडकीपाशी नेऊन बघितले, दिव्याखाली बघितले, किडेवाल्याला हाक मारून दाखवले. तो म्हणाला, “एकाच ताग्यातलं कापड वाटतंय.”

तुला समजावून सांगायची गरज नाही. हिरव्या रंगातून पिवळा काढून घेतला की काय उरतं? स्पिरिट तेच करतं. पिवळा आधी जातो, निळा मागे राहतो. बाबांनी आपल्या शोधावर लिहिलं तेव्हा डोंगरातले नुकते पकडून आणलेले होते, हिरवेगार. बेटावरचे मात्र, तुम्ही दोघं तिथे गेलात तेव्हा, तू पकडून बरणीत घातलेस; बाबा तापाने फणफणले होते, होडीत त्यांना शुद्धसुद्धा नव्हती. ती पेटी उघडली केव्हा, तर ते धड उभे राहायला लागले तेव्हा. त्यांनी बेटावरचा पानसाप जिवंत कधी पाहिलाच नाही. आज हे कुणीही शिकाऊ सांगेल. तेव्हा त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. एकच होता, आणि त्याला थोबाडीत मिळाली.

मी तेव्हा लहान होते, पण बाबांच्या सत्काराची ती दुपार मला दिसते. पाहुणे, हारतुरे, आणि तू मधेच उभा राहून म्हणालास, “पण ते हिरवे होते.” बाबा म्हणाले, “बरणीत बघ. डोळे फुटलेत का?” तू पुन्हा म्हणालास, “हिरवे होते.” मग तो आवाज. पुढचं तुला माहीत. तू घर सोडलंस, आणि आई गेली, तिला पोचवायला आलास तेव्हाही बाबांशी एक शब्द बोलला नाहीस. मी तुला दोष देत नाही. मी बाबांच्या घरात राहते म्हणून मी बाबांच्या बाजूची, असं मात्र कधी समजू नकोस.

बाबांना सांगायचं की नाही, यावर मी झोप घालवली. उभ्या आयुष्यातला त्यांचा एकच शोध. शेवटी जेवताना सांगून टाकलं. म्हटलं, “बाबा, डोंगरातलेही निळे झालेत.”

त्यांना लगेच कळलं. ताट सरकवलं आणि खिडकीशी जाऊन बसले. खोकल्यातही पोटभर जेवणारा माणूस, दुसऱ्या दिवशीही ‘भूक नाही’ म्हणाला. वाटलं, काय करून बसले मी हे.

संध्याकाळी हाक आली, चांगली खणखणीत. “शेपट्या मोजल्यास का?”

शेपट्या मी मोजल्या नव्हत्या. सापाला सगळी शेपटीच, असं लोकांना वाटतं; पण ती सुरू होते पार मागे, पोटावरचे आडवे खवले संपतात तिथून. मी मोजून आणल्या, तर ओरडले, “बेटावरचे नर आणि डोंगरातल्या माद्या? अगं, नरांच्या शेपट्या मुळातच लांब असतात! नर नराशी लाव, मादी मादीशी!” पुन्हा मोजल्या. आणि दादा, खरंच! नर घे नाहीतर मादी, बेटावरच्यांच्या शेपट्या कितीतरी लांब. डोकं निमुळतं. डोळे मोठे. म्हणजे बेटावरचा पानसाप खरोखरच वेगळा होता. बाबांचं म्हणणं बरोबर आणि कारण साफ चूक. आणि रंग तू बरोबर सांगूनही मार तुलाच.

आता मला एवढ्या लांब शेपटीचं काय करायचं, हेच सुचत नाहीये. तिचा उपयोग काय? तिथे गवत नव्हतं का? ते झाडांवर राहायचे का? खायचे काय? विचारायचं कुणाला? बेटावर गोदी झाली, झाडं गेली, त्यानंतर तिथे पानसाप कुणालाही दिसलेला नाही. दालनाची चित्रं काढणारा चित्रकार रोज विचारतो, “बाई, कोणता हिरवा देऊ?” मी सांगू शकत नाही. तो साप जिवंत बघितलेला माणूस या जगात एकच उरलाय, आणि तो मला वर्षाला दोन ओळी लिहितो.

मी आडवळणाने येतेय ना? बरं, सरळ सांगते. हे विचारायला मला बाबांनी सांगितलंय. म्हणाले, “रंगाची ओळ त्याच्याकडून घे. त्याच्या नावाने छाप. पाटीवरही त्याचं नाव पाहिजे.” आणि मी उठले, तर मागून म्हणाले, “कसा हिरवा होता, विचार. मला बघायचा राहिला.”

त्यांनी माफी मागितलेली नाही. मागणारही नाहीत, तो शब्द त्यांच्या तोंडात बसत नाही. त्यांनी रंग विचारलाय. पण पोस्टमनची सायकल वाजली की माझ्याआधी ते दारात असतात, आणि अजून तर हे पत्र मी टाकलेलंही नाही. दादा, मला तुझी फार आठवण येते. हे मी दोन ओळींत कधी बसवू शकले नाही.

उत्तर माझ्या नावाने टाक नाहीतर बाबांच्या. फोडणार तेच आहेत.

लहानपणी तुझ्या मागे मागे फिरायची म्हणून तूच नाव ठेवलेली,

शेपटी


२२ मार्च

शेपटे,

पत्र मिळालं. चहा दोनदा केला.

विचारलंस ते लिहितो. ते झाडांवर होते, एकही जमिनीवर नव्हता. बेटावर गवत कसलं, नुसता खडक आणि वाकडी झाडं. वारा एवढा की मला उभं राहता येत नव्हतं. ते शेपटीने फांदीला गच्च विळखा घालून वाऱ्यात झुलत होते, आणि त्या झोक्यातच पाली धरत होते. सोडवताना शेपटीच शेवटपर्यंत सुटत नव्हती. मला वाईट वाटलं होतं. बाबांनी हे तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

रंग लिहिता येत नाही. हिरव्याला शब्द कमी पडतात. म्हणून पत्र्याच्या पट्टीवर करून बघितला. दोनदा पुसला. तिसऱ्यांदा पिवळा जरा वाढवला आणि जमला. लेक म्हणाली, “बाबा, हा तर आपल्या दाराचा रंग.” मी दाराकडे बघत राहिलो. इतकी वर्षं तोच लावतोय, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पट्टी पाकिटात घालणार होतो. पण ऑइलपेंट अजून ओला आहे, आणि टपालात खरवडला गेला तर तुम्ही लोक पुन्हा चुकीचाच छापाल. तेव्हा शनिवारी घेऊनच येतो. लेकही येतेय, तिला साप बघायचेत.

बाबांना म्हणावं, खिडकीजवळ बसून राहा. उजेडात दाखवीन.

दादा