कुणाकुणाची कापडं

वडूज, रविवार, १९४५

आईला साताऱ्याचं चित्रांचं प्रदर्शन दाखवून आणलं. एका चित्रात ना माणूस, ना झाड; नुसते लाल, पिवळे, निळे तुकडे. मला काही वाटलं नाही. दादा लढाईत कामी आल्याची तार आली, तेव्हापासून कशाचंच काही वाटत नाही. आईला मात्र ती घरच्यांच्या जुन्या कापडांची वाकळच वाटली. चित्रकारालाच म्हणाली, "आवं, ह्यात कुणाकुणाची कापडं हायती?"

घरी येताच तिनं पलटणीतून आलेली दादाची ट्रंक पहिल्यांदाच उघडली. तशीच रंगीत वाकळ शिवायची म्हणे. वरच खाकी सदरा, एकदाही न घातलेला. कात्री उचलली आणि थांबली. "कोरं कापड टोचतंय रं. चार दिस तू घाल, मऊ झालं की लावू."

कुणाकुणाची कापडं? तोच सदरा घालून हे लिहितोय. बाह्या लांब होतात.