माझ्या पेशी, धाकट्याची कातडी

१२ फेब्रुवारी
पुन्हा लाल चट्टे! या वेळी पाठभर. धाकट्या भावाने शर्ट वर करून दाखवला. आठ महिन्यांपूर्वी मी त्याला माझ्या मूळपेशी दिल्या, त्याचा रक्ताचा कॅन्सर हटला. आता त्यांच्यातूनच झालेल्या पांढऱ्या पेशी त्याच्या कातडीला परकं समजून तुटून पडत असाव्यात — डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. म्हणजे माझ्याच त्या!
"तायडे, आत शिरूनही भांडतेसच का?" म्हणाला. स्वतःच हसला. मला नाही हसू आलं.

१३ फेब्रुवारी
शिवणी टोचतात म्हणे. त्याचे पाचही शर्ट दुकानात आणले, उसवले, शिवणी बाहेरून घेतल्या. एका गिऱ्हाइकाचा कोट राहिला. बोलणी खाल्ली.

१९ फेब्रुवारी
सहाला दुकान बंद करून रोज त्याच्या खोलीवर जाते. मलम आधी तळहातावर कोमट करायचं, मग पाठीवर नुसतं टेकवत जायचं. चोळायचं नाही. सुईने खरखरीत झालेली माझी बोटं!
"लागतंय का रे?"
"नाही."
खोटारडा.
सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतो. आईच्या शेवटच्या आजारात हा फिरकला नाही, मी त्याचं नाव टाकलं. मग एक दिवस हॉस्पिटलमधून फोन — बहीण म्हणून रक्त तपासाल का? तपासलं. जुळलं. तो जुना राग तर पेशींबरोबर त्याच्या अंगात गेला नसेल? वेडेपणा आहे, कळतं. तरी वाटतं.

२४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पाठीवरच्या एका चट्ट्यातून कातडीचा तुकडा काढला, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. त्यात बाईच्या पेशी किती नि पुरुषाच्या किती, ते कळतं म्हणे. चला, माझा गुन्हा आता लेखी येणार!

१० मार्च
"रिपोर्ट आला का?"
"अजून नाही."
पाठ जरा निवळली आहे. मलम लावताना गुणगुणत होता, अगदी आईसारखा. मी हात तसाच ठेवून ऐकत राहिले.

१८ मार्च
रिपोर्ट नाहीच. आज न राहवून म्हटलं, "माझ्यामुळे तुला हे सगळं. माफ कर रे." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "सोड ना, ताई," एवढंच.

२७ मार्च
औषधांच्या खिडकीपाशी डॉक्टरीणबाई भेटल्या. मीच विचारलं. म्हणाल्या, "चट्ट्यांत सापडल्या त्यांतल्या बहुतेक त्याच्याच जुन्या पांढऱ्या पेशी. रक्तातल्या होत्या त्या औषधाने गेल्या, कातडीत दडून बसलेल्या वाचल्या. काही जणांत दिसतं असं. तुमच्या अगदी थोड्या. रक्त मात्र पूर्ण तुमचंच आहे हं, घाबरू नका."
मी तिथेच बाकावर बसून रडले. लोक बघत होते, बघेनात का! बाई गोंधळल्या.
"अहो, पण हे मी त्याला सात तारखेलाच सांगितलंय."

२८ मार्च
विचारलं. त्याने उशीखालून रिपोर्टचा कागद काढून दिला.  मग म्हणाला, "तुझा दोष नाही हे कळलं, की तू यायची थांबशील असं वाटलं."