मामंजींचा अभिनय

पेडणे, शुक्रवार, दिवेलागणीनंतर

आज टीव्हीवर दोन समीक्षक नव्या सिनेमावर वाद घालत होते आणि त्यांच्या मागच्या पडद्यावर आमचे मामंजी पुन्हापुन्हा दिसत होते. आवाज नाही, नुसते ओठ हलताना. गेल्या दिवाळीत ते गेले.

एक समीक्षक म्हणाला, "हा म्हातारा फारच नाटकी वाटतो." त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "उलट, अख्ख्या सिनेमात खरा अभिनय त्या एकट्याचाच. किती जीव तोडून शोधतोय तो!" ह्यांचे डोळे भरून आले. "बघ, बाबांनी नाव काढलं."

अभिनय कसला? मामंजींना तेव्हा सगळ्याचाच विसर पडायला लागला होता. घराबाहेर माझा हात सोडत नसत. हरमलच्या किनाऱ्यावर शूटिंग बघायला मीच त्यांना घेऊन गेले. दिग्दर्शकाला त्यांचा चेहरा आवडला. मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही जरा त्या होडीमागे लपा. ते आपोआप शोधतील." मी लपले. का लपले? आपलं माणूस सिनेमात दिसणार, एवढ्याच हौसेपायी.

ते हलणारे ओठ परत दिसले तेव्हा ह्यांनी विचारलं, "काय म्हणतात गो ते?"

"माझं नाव," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

ह्यांनी टीव्ही बंद केला. मग हळूच म्हणाले, "तू ओ दिली नाहीस?"

"पहिल्यांदा दिली," मी म्हटलं. "मग तो सीन परत घ्यायचा म्हणाले, आणि मी परत जाऊन लपले."